महाविद्यालयाचे पहिले वर्ष : प्रवेशापासून स्थैर्यापर्यंत

बारावीचा निकाल जाहीर झाला की महाराष्ट्रातील गावोगावी काही दिवस एकच विषय असतो. कोणाला किती गुण मिळाले, कोण कोणत्या शाखेकडे वळणार, कोण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणार आणि कोण पुण्या-मुंबईस जाणार, याची चर्चा चावडीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालते. पेढे वाटले जातात, गुणवंतांचा सत्कार होतो, कागदपत्रांसाठी धावपळ होते आणि यथावकाश प्रवेश निश्चित होतो. मुलगा किंवा मुलगी वळकटी आणि पेटी घेऊन शहरात पोहोचली की घर, शाळा आणि गाव या तिघांनाही आपले कर्तव्य पार पडल्याचे समाधान वाटते. वस्तुतः उच्च शिक्षणातील अवघड टप्पा त्या दिवशी सुरू होतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी सुट्टी संपल्यावर महाविद्यालयात परत गेलाच नाही, ही घटना आपल्या गावांना अपरिचित नाही. तिची नोंद सहसा कोठे होत नाही. ‘शिक्षणात मन लागले नाही’ या चार शब्दांत तिची बोळवण केली जाते. त्या चार शब्दांमागे मात्र न समजलेले तास, संपलेले पैसे, न मिळालेला दाखला, अनोळखी खोलीतील एकटेपणा आणि हे सारे कोणाला सांगावे हे न कळल्याने आलेली हतबलता दडलेली असते. बुद्धी कमी पडली म्हणून परतणाऱ्यांपेक्षा व्यवस्था कमी पडल्याने परतणाऱ्यांचा विचार अधिक व्हावयास हवा. कारण त्यांचे परतणे टाळता येण्यासारखे असते.

अंतर घटले, दरी उरली

महाराष्ट्रातील विद्यापीठीय शिक्षणाचा प्रारंभ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेने झाला. त्यानंतर १९२३ मध्ये नागपूर, १९४९ मध्ये पुणे, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, १९८३ मध्ये अमरावती, १९९० मध्ये जळगाव, १९९४ मध्ये नांदेड, २००४ मध्ये सोलापूर आणि २०११ मध्ये गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ अशी ही परंपरा विस्तारत गेली. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर घर आणि नोकरी न सोडता शिकण्याची सोय उपलब्ध करून दिली. आज तालुक्याच्या गावीही महाविद्यालय आढळते.

शंभर-सव्वाशे मैलांचे अंतर अशा रीतीने कमी झाले. तथापि शाळा आणि महाविद्यालय यांच्यातील दुसऱ्या प्रकारचे अंतर तेवढ्या प्रमाणात घटले नाही. ज्या घरातील पहिलीच व्यक्ती पदवीच्या वर्गात पाऊल टाकते, त्या घरात ‘सत्र’ म्हणजे काय, ‘अंतर्गत मूल्यमापन’ कशास म्हणतात, एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास पुढे काय होते, हे सांगणारे कोणी नसते. शिकलेल्या घरातील मुलास ही माहिती जेवताना होणाऱ्या गप्पांतून मिळते. इतरांना ती चुका करून मिळवावी लागते आणि त्या चुकांची किंमत कधी एक सत्र, कधी एक वर्ष, तर कधी संपूर्ण शिक्षण एवढी असते.

पूर्वसूरींनी ओळखलेली गरज

प्रवेश देणे आणि शिक्षण देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रातील शिक्षणसुधारकांनी फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि त्यापुढील काळात विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलाला राहण्याची आणि जेवणाची सोय नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही त्याला ते बंदच असते, हा त्यामागील विचार होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजने श्रम करून शिकण्याची वाट महाविद्यालयीन पातळीवर आणली. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने राज्यातील अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालय सुरू केले. मिलिंद महाविद्यालय म्हणून ते पुढे प्रसिद्धीस आले. नागसेनवनाच्या परिसरात वर्गांसोबत वसतिगृहेही उभी राहिली आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना तेथे आधार मिळाला.

या तिन्ही प्रयत्नांतील समान सूत्र लक्षात घेण्यासारखे आहे. नव्या विद्यार्थ्याने नव्या जगाशी जुळवून घ्यावे, एवढीच अपेक्षा या द्रष्ट्यांनी ठेवली नाही. जुळवून घेणे शक्य होईल अशी व्यवस्था त्यांनी प्रथम निर्माण केली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे विस्तारलेल्या उपपत्तीचा आशयही याच्याशी मिळताजुळता आहे. विद्यार्थी महाविद्यालय सोडतो तेव्हा त्याची पूर्वतयारी आणि घरची परिस्थिती यांबरोबरच त्या संस्थेच्या अभ्यासजीवनात आणि समूहजीवनात तो कितपत सामावला गेला, यालाही मोठे महत्त्व असते, असे त्यांनी दाखवून दिले.

अभ्यासाची बदललेली रीत

शाळेत शिक्षक विद्यार्थ्याच्या मागे असतात. गृहपाठ तपासला जातो, गैरहजर राहिल्यास निरोप घरी पोहोचतो आणि परीक्षा जवळ आली की उजळणी करून घेतली जाते. महाविद्यालयात हे सूत्र उलटे होते. येथे विद्यार्थ्याने शिक्षकांकडे, ग्रंथालयाकडे आणि सूचनाफलकाकडे स्वतः जावयाचे असते. हे स्वातंत्र्य प्रारंभी सुखावह वाटते. जुलै आणि ऑगस्ट हे महिने हलके जातात, आणि गणेशोत्सव आटोपल्यावर अंतर्गत चाचण्या, प्रकल्प व प्रात्यक्षिकांच्या वह्या एकदमच समोर उभ्या राहतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू झाली. या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. सर्वसाधारणपणे वर्गातील अध्यापनाचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक, आणि एका सत्रात सुमारे २० ते २२ श्रेयांक पूर्ण करावयाचे असतात. मुख्य विषयाबरोबरच अन्य विद्याशाखेतील विषय, भाषा, कौशल्याधारित अभ्यासक्रम आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांसारखे घटक निवडावे लागतात. पूर्वी कला, वाणिज्य किंवा विज्ञान एवढे ठरले की पुढचा मार्ग आखलेला असे. आता पहिल्याच आठवड्यात अनेक निवडी कराव्या लागतात आणि त्या कशाच्या आधारे कराव्यात, हे नवख्या विद्यार्थ्यास ठाऊक नसते. मित्राने घेतला म्हणून विषय घेणे हा मग सोपा मार्ग ठरतो.

या धोरणात एक वर्षानंतर बाहेर पडण्याचीही तरतूद आहे. पहिल्या वर्षाचे विहित श्रेयांक आणि कौशल्यविषयक ४ अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते, तीन वर्षांच्या आत त्यास पुन्हा अभ्यासक्रमात येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. आजारपण, घरची अडचण किंवा नोकरीची संधी अशा प्रसंगी ही सोय मोलाची आहे. मात्र विचारपूर्वक घेतलेला विराम आणि निरुपायाने घेतलेली माघार यांत फरक आहे. श्रेयांक पूर्ण न करता, कोणास न सांगता दिवाळीनंतर घरी राहिलेल्या विद्यार्थ्यास या तरतुदीचा लाभ होत नाही. ही बाब पालकांना आणि विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगितली पाहिजे.

पहिल्या सत्रातील अपयशाचाही योग्य अर्थ सांगणारे कोणी हवे. बारावीत ऐंशी टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पहिल्या सत्रात एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होतो, तेव्हा सर्व संपले अशी त्याची समजूत होते. वास्तविक विद्यापीठाच्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेत अनुत्तीर्ण विषय बाकी ठेवून पुढील वर्गात जाता येते. विद्यार्थी वर्गात ‘एटीकेटी’ या नावाने हा नियम सर्वश्रुत आहे. परंतु तो ज्याला सर्वात अधिक माहीत असावयास हवा, त्या नवख्या, संकोची विद्यार्थ्यापर्यंत तो उशिरा पोहोचतो.

भाषेचा अडसर

कला आणि वाणिज्य शाखांत मराठी माध्यमाची सोय अनेक ठिकाणी आहे. तरी संदर्भग्रंथ, संकेतस्थळे आणि काही प्राध्यापकांची व्याख्याने इंग्रजीत असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची इंग्रजीशी गाठ अकरावीतच पडलेली असते. परंतु तेथे पाठ्यपुस्तक आणि ठरावीक प्रश्नोत्तरे यांवर निभावून जाते. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत पहिल्या तासापासून इंग्रजीचा ओघ सुरू होतो. विषय कळत असूनही शब्द न कळल्यामुळे मागे पडलेला विद्यार्थी हळूहळू विषयच आपल्या आवाक्यातील नाही, असे समजू लागतो. ‘सर, समजले नाही’ हे वाक्य मराठीत उच्चारावे की इंग्रजीत, या संकोचात ते उच्चारलेच जात नाही.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले असून त्यांत इंग्रजी संज्ञा आणि तिचा मराठी पर्याय शेजारीशेजारी मिळतो. मराठी विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. नवा धडा सुरू होण्यापूर्वी त्यातील दहा-पंधरा संज्ञा मराठीत समजून घेतल्या, तर इंग्रजीतील व्याख्यान अनोळखी राहत नाही. प्राध्यापकांनी पहिल्या काही आठवड्यांत महत्त्वाच्या संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिल्या आणि प्रश्न कोणत्याही भाषेत विचारण्याची स्पष्ट मुभा दिली, तर वर्गातील मौन बऱ्याच अंशी सुटेल. इंग्रजी शिकणे आवश्यक आहेच. मात्र ते शिकून होईपर्यंत विषयाचे आकलन थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

पैसा आणि कागदपत्रे

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना देशात १९४४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर आर्थिक साहाय्याची व्याप्ती वाढत गेली. महाराष्ट्रात आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना अशा अनेक योजना आहेत. त्यांपैकी बहुतेक शिष्यवृत्तींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावे लागतात आणि रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

योजना आहेत, पण अडचण वेळेची आहे. खोलीची अनामत रक्कम, खानावळीचे पहिल्या महिन्याचे पैसे, पुस्तके आणि प्रवासखर्च जुलैमध्येच द्यावा लागतो. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र अर्जाची छाननी, महाविद्यालयाची शिफारस आणि मंजुरी हे टप्पे ओलांडून येते. मधले महिने उसनवारीवर निभावले जातात. त्यातच उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असणे, दाखल्यावरील आणि आधारपत्रावरील नावात फरक असणे, खाते आधारशी जोडलेले नसणे किंवा जात वैधता प्रमाणपत्र प्रलंबित असणे, यांपैकी एक त्रुटी निघाली तरी अर्ज परत येतो. अर्ज परत आल्याचे विद्यार्थ्याच्या लक्षात येईपर्यंत मुदत उलटून जाण्याचाही संभव असतो.

एका अक्षराच्या फरकासाठी मजुरी बुडवून तालुक्याच्या खेपा घालणारे पालक आणि तास बुडवून गावी येणारा विद्यार्थी, हे दृश्य बदलणे प्रशासनाच्या हाती आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. बारावीची परीक्षा आटोपल्यानंतर आणि निकाल लागण्यापूर्वी जो काळ मिळतो, त्यात कनिष्ठ महाविद्यालय, तलाठी कार्यालय आणि आपले सरकार सेवा केंद्र यांनी एकत्रितपणे दाखल्यांचे शिबिर भरवल्यास जुलैमधील निम्मी धावपळ वाचेल. दाखला वेळेत देणे हे वरवर पाहता किरकोळ काम आहे. परंतु त्या कागदावर एखाद्याचे वर्ष अवलंबून असू शकते.

वसतिगृह, खोली आणि खानावळ

घराबाहेर राहणे हाही एक अभ्यासक्रमच होय. महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणे, कपडे धुणे, आजारी पडल्यास दवाखाना शोधणे, भिन्न सवयींच्या सोबत्यांशी जमवून घेणे, या गोष्टी कोणत्याही वर्गात शिकवल्या जात नाहीत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहाच्या जीवनात गुंततो आणि अखेर गावी परततो. साठ वर्षांनंतरही ही कथा तरुणांना जवळची वाटते, यावरून त्या अनुभवाचे सातत्य ध्यानात यावे.

नवागतांच्या छळाचा प्रश्न मात्र सवयीचा नसून कायद्याचा आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यानुसार दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश देता येत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी विनियम लागू केले असून १८००-१८०-५५२२ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र तक्रार नोंदवता येते. गाव, जात, बोली किंवा पेहराव यांवरून होणारी कुचेष्टा ‘गंमत’ या नावाखाली खपवून घेतली जाऊ नये, याची दक्षता वसतिगृह अधीक्षकांनी विशेषत्वाने घ्यावयास हवी.

मुलींचे पहिले वर्ष

मुलींच्या बाबतीत पहिल्या वर्षाची कसोटी अधिक कठीण असते. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. पदवीच्या वर्गात जाताच सवलतीच्या दरातील का होईना, पण पैसे मोजून पास काढावा लागतो. रोजच्या प्रवासाचा खर्च, संध्याकाळच्या गाडीची वेळ आणि थांब्यापासून वस्तीपर्यंतचा अंधारा रस्ता, या तीन गोष्टींवर अनेक मुलींचे शिक्षण अवलंबून असते. दुपारी उशिरापर्यंत चालणारे प्रात्यक्षिक आणि शेवटच्या गाडीची वेळ जुळत नसेल, तर ती मुलगी प्रात्यक्षिक सोडते आणि पुढे विषयही सोडते.

शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना विहित व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे मोल मोठे आहे. तथापि शुल्क माफ झाले तरी प्रवास, निवास आणि सुरक्षितता यांची काळजी उरतेच. मुलीला पहिल्या सत्रात कमी गुण मिळाले की ‘आता पुरे’ असे म्हणून स्थळे पाहण्यास सुरुवात होते. मुलाच्या अपयशाला दुसरी संधी आणि मुलीच्या अपयशाला पूर्णविराम, हा भेद शिक्षकांनी आणि पंचायतीच्या महिला सदस्यांनी पालकांशी बोलताना स्पष्टपणे निदर्शनास आणून दिला पाहिजे.

मनाचे स्वास्थ्य

घराची आठवण येणे, झोप न लागणे, आपण येथे उपरे आहोत असे वाटणे, हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक असते आणि ओळखी वाढल्या की ते बहुधा ओसरते. परंतु विद्यार्थी सतत गैरहजर राहू लागला, जेवण टाळू लागला, मित्रांपासून दूर राहू लागला किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा बोलू लागला, तर ती धोक्याची सूचना समजावी. अशा वेळी ‘मन घट्ट कर’ एवढा उपदेश पुरेसा नसतो. त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, त्यास एकटे न सोडणे आणि तज्ज्ञाकडे नेणे आवश्यक असते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य समुपदेशन मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असणे अपेक्षित आहे.

एकटेपणावरील उपाय समूहातच असतो. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यात वर्षाला १२० तासांचे सेवाकार्य आणि गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर असते. वर्गात न बोलणारा खेड्यातील विद्यार्थी शिबिरात कुदळ हाती घेतो, ग्रामस्थांशी मोकळेपणाने बोलतो आणि शहरातील सोबत्यांना त्याचे वेगळे गुण दिसतात. खेळ, वादविवाद, नाट्य आणि वाचनमंडळ यांचेही कार्य असेच आहे.

कोणी काय करावे?

पहिल्या वर्षाची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर न टाकता ती वाटून घेतल्यास भार हलका होतो.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांनी बारावीच्या अखेरीस दोन-तीन तास केवळ पुढील शिक्षणाच्या पद्धतीविषयी द्यावेत. श्रेयांक, सत्र, हजेरी, अंतर्गत गुण आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांची माहिती द्यावी. त्याच शाळेतून पूर्वी गेलेल्या विद्यार्थ्यास बोलावल्यास ती अधिक परिणामकारक ठरते.

महाविद्यालयांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या ‘दीक्षारंभ’ या प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रमास भाषणांच्या औपचारिकतेत अडकू देऊ नये. ग्रंथालयातून पुस्तक कसे घ्यावे, टाचण कसे काढावे, अडचण कोणत्या खिडकीवर सांगावी, हे प्रत्यक्ष दाखवावे. प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाने आपल्याकडील नवागतास पहिल्या महिन्यात एकदा तरी स्वतंत्रपणे भेटावे. सलग आठ दिवस गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करण्यास एक दूरध्वनी पुरतो. दिवाळीनंतर न परतलेल्यांची यादी पहिल्याच आठवड्यात करून त्यांच्याशी संपर्क साधावा, कारण त्या आठवड्यात परत येणे सोपे असते आणि महिन्यानंतर ते अवघड होऊन बसते.

ग्रामपंचायतीने गावाबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक नोंदवही ठेवावी. कोण कोठे शिकतो, कोणता दाखला प्रलंबित आहे, कोणाचे शिक्षण थांबले आहे, हे तीवरून कळेल. एस.टी.च्या वेळा प्रात्यक्षिकांच्या वेळांशी जुळवून घेण्यासाठी आगारप्रमुखांकडे ग्रामसभेचा ठराव गेल्यास त्यास वजन येते. गुणवंतांच्या सत्काराबरोबरच, पदवीचे पहिले वर्ष पार करणाऱ्यांची दखल घेणेही उचित ठरेल.

पालकांनी पैशाचा हिशेब अवश्य विचारावा. मात्र त्याआधी जेवलास का, तास समजतात का, सोबती कसे आहेत, हे विचारावे. गुण कमी पडले तरी घराचे दार आणि शिक्षणाचे दार दोन्ही उघडे आहेत, हा विश्वास मुलास घरातूनच मिळावयास हवा.

समारोप

विद्यार्थ्यानेही आपला वाटा उचलावयाचा आहे. तास चुकवू नयेत, न समजलेले त्याच आठवड्यात विचारावे, खर्चाची नोंद ठेवावी, एका शिक्षकाशी व दोन-चार सोबत्यांशी तरी मोकळेपणाने बोलावे आणि अडचण लपवू नये. एवढे पथ्य पाळले तर पहिल्या सत्रात चाचपडणारी पावले दुसऱ्या सत्रात स्थिरावतात.

एका विद्यार्थ्याचे पहिले वर्ष पार पडते, तेव्हा त्याच्या मागून येणाऱ्या भावंडांची आणि गावातील इतर मुलांची वाटही मोकळी होते. पुढील वर्षी कोणास कोठे राहावे, कोणता अर्ज केव्हा करावा, हे सांगणारे माणूस गावातच उपलब्ध होते. ज्ञानाची ही शिदोरी एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती द्यावयाची असते. ती अर्ध्या वाटेवर सांडू नये, एवढी काळजी बारावीच्या निकालापासून दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शिक्षक, अधिकारी, पंचायत सदस्य आणि पालक यांनी मिळून घेतली, तर मोठ्या खर्चाने उभारलेल्या उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेचे चीज होईल.